बारा टक्के ओलाव्याची गाडी नेमकी कोणत्या गटात?

शहाद्याकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) हिशोब बघणाऱ्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: गेटवर प्रत्येक गाडीतल्या कापसाचा ओलावा मीटरने मोजतात. मालकांना महिन्याच्या रिपोर्टमध्ये चार गट हवेत: ८ पर्यंत कोरडा, ८ ते १० बरा, १० ते १२ दमट आणि १२ च्या वर ओला. भाऊंनी एक्सेलमध्ये इफ (अट खरी असेल तर हे, नाहीतर ते) लावून सूत्र लिहिलं. महिन्याच्या गाड्या ४१२, पण चार गटांची बेरीज येते ३८९. ज्या गाड्यांचा ओलावा भरायचाच राहिला त्या ‘कोरडा’मध्ये दिसतात. आणि ‘ओला’मध्ये दोन-तीन गाड्या अशा आहेत की ज्यांच्यासमोर आकडा चक्क ९ आहे. त्यांचं सूत्र असं:

इफ(ओलावा<८, "कोरडा", इफ(अँड(ओलावा>८, ओलावा<१०), "बरा", इफ(अँड(ओलावा>१०, ओलावा<१२), "दमट", इफ(ओलावा>१२, "ओला"))))

भाऊ, आधी हरवलेल्या २३ गाड्या शोधून देते. त्या सगळ्यांचा ओलावा बरोबर ८, बरोबर १० किंवा बरोबर १२ असणार. तुम्ही ‘८ पेक्षा कमी’ लिहिलंत, ‘८ पेक्षा जास्त’ लिहिलंत, पण खुद्द ८ ला घर दिलं नाहीत. शेवटच्या इफमध्ये ‘नाहीतर काय’ हे लिहिलेलंच नाही, म्हणून एक्सेलने त्या गाड्यांसमोर ‘फॉल्स’ असं छापलं असेल. पिव्हट टेबलमध्ये, म्हणजे एक्सेलच्या मोजणी-बेरजेच्या सारांश तक्त्यात, तुम्ही चार गट ठेवलेत आणि तो फॉल्स कचरा समजून काढून टाकलात. मीसुद्धा हेच केलं होतं, तेव्हा मला वाटायचं की फॉल्स म्हणजे एक्सेलची कुरकुर.

सूत्र सुधारायला एक मिनिट लागतं. पण त्याआधी तुमच्या मालकांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, ते कोणी विचारलेलंच दिसत नाही. बरोबर १२ ओलाव्याची गाडी दमट की ओली? बोलताना आपण ‘दहा ते बारा’, ‘बाराच्या वर’ असं सहज म्हणून जातो आणि समोरच्याला कळतं. गेटवरचा मापाडी मूठभर कापूस दाबून ‘वला शे’ म्हणतो, तिथे विषय संपतो. रिपोर्टला मात्र तो एक आकडा इकडे की तिकडे हे सांगावंच लागतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतःच कुठेतरी टाकतो. एकोणीस वर्षं जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंग, दूध सोसायट्या आणि केळीवाल्यांचे रिपोर्ट करतेय. गटांचे आकडे जुळत नाहीत म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक फायलींत सूत्र लिहिणाऱ्याचं गणित बरं होतं, सीमेवरचा आकडा कुणाचा हे मात्र ठरलेलं नव्हतं.

हे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं, म्हणून नियम कुठून आलाय ते बघावं लागतं. तुमच्या ८ आणि १२ ची मुळं बहुधा हमीभावाच्या खरेदीत आहेत. भारतीय कापूस निगम, म्हणजे आपण सगळे ज्याला सीसीआय म्हणतो ती, ८ टक्के ओलावा पाया धरते. ८ ते १२ च्या दरम्यान वाढीव ओलाव्याच्या प्रमाणात भावात कपात होते आणि १२ च्या वरचा माल घेतला जात नाही. आता यातून सीमा वाचा. बरोबर ८ ला कपात नाही, म्हणजे ८ हा ‘कोरडा’त. बरोबर १२ चा माल कपात करून का होईना घेतला जातो, म्हणजे १२ हा ‘दमट’मध्ये. दोन्ही सीमा खालच्या गटाच्या झाल्या. मधला १० हा तुमच्या मालकांचा स्वतःचा आकडा दिसतो, तो कुठे टाकायचा हे त्यांनाच विचारा. मला विचाराल तर बाकीच्यांशी मेळ राहावा म्हणून मी त्यालाही खालीच ठेवीन.

सगळीकडे सीमा खालच्या गटाचीच असते असं मात्र धरून चालू नका. विकास सोसायटीच्या सभासदांची यादी करताना मला याचा चांगलाच फटका बसला. कृषी गणनेत १ हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला तो अत्यल्प भूधारक आणि १ हेक्टरपासून पुढे अल्प भूधारक. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत मात्र १ हेक्टरपर्यंतचा अत्यल्प, आणि १ च्या वर ते २ पर्यंतचा अल्प. शब्द तेच, आकडे तेच, पण बरोबर १ हेक्टरवाला शेतकरी एकीकडे अल्प आणि दुसरीकडे अत्यल्प. वाटण्या होऊन होऊन सातबाऱ्यावर नेमकं १ हेक्टर उरलेली माणसं काही कमी नसतात. दोन याद्या जुळेनात म्हणून मी दोन दिवस नावं तपासत बसले. नावं सगळी बरोबर होती.

म्हणून मी आता सूत्राला हात लावण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून घेते: ‘बरोबर ८ कोरडा, बरोबर १० बरा, बरोबर १२ दमट.’ आणि त्याखाली ज्याने सांगितलं त्याची सही. सही ऐकून लोक हसतात. हंगामाच्या शेवटी हसत नाहीत.

आता सूत्र. इफ वरून खाली वाचला जातो आणि पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतो. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजू लिहायची गरजच उरत नाही. आठपर्यंतच्या गाड्या पहिल्याच पायरीवर उतरून गेल्या, तर दुसऱ्या पायरीवर येणारी प्रत्येक गाडी आठच्या वरचीच असते:

इफ(ओलावा<=८, "कोरडा", इफ(ओलावा<=१०, "बरा", इफ(ओलावा<=१२, "दमट", "ओला")))

अँड गेला, फट गेली. क्रम मात्र चढताच ठेवायचा. ‘<=१२’ सगळ्यात वर लिहिलं तर आठच्या आणि दहाच्या आतल्या सगळ्या गाड्या तिथेच अडकतील आणि पुढचे गट रिकामे राहतील. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवण्याच्या प्रोग्राममध्ये हेच काम स्विच आणि ट्रू मिळून करतात, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत केस-व्हेन करतो. पहिली खरी अट जिंकते हा नियम तिन्हीकडे सारखाच.

काही जण वहीतल्यासारखं ‘८<ओलावा<१०’ असं लिहितात. एक्सेल त्यावर चूक दाखवत नाही, ते मुकाट्याने खोटं बोलतं. आधी ते ८<ओलावा तपासतं, उत्तर येतं ट्रू किंवा फॉल्स, आणि मग त्या ट्रू-फॉल्सची १० शी तुलना करतं. एक्सेलच्या हिशोबात ट्रू आणि फॉल्स दोन्ही कुठल्याही आकड्यापेक्षा मोठे, त्यामुळे ती अट कधीच खरी होत नाही. तुम्ही अँड वापरलात, म्हणजे या खड्ड्यातून वाचलात.

फटींबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या धंद्यातच एक सुंदर उदाहरण आहे. धाग्याच्या लांबीवरून कापसाचे पाच वर्ग करतात: २० मिलिमीटर आणि त्याखाली आखूड, २०.५ ते २४.५ मध्यम, २५ ते २७ मध्यम लांब, २७.५ ते ३२ लांब आणि ३२.५ आणि त्यावर अति लांब. आता सांगा, २४.७ मिलिमीटरची गाठ कुठे जाईल? तक्त्यात तिला जागाच नाही. हा तक्ता अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांवर बेतलेला आहे. लांबी अर्ध्या टप्प्यातच लिहायची असेल तर २४.५ नंतर थेट २५ येतो, मधे काही उरत नाही. प्रयोगशाळेतलं यंत्र मात्र एक किंवा दोन दशांशांपर्यंत आकडा देतं, आणि तो जसाच्या तसा या तक्त्यावर टाकला की गाठी फटीतून खाली पडतात. हवामान खात्याच्या पावसाच्या वर्गांचंही तेच. सरासरीपेक्षा उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य, अधिक २० ते ५९ म्हणजे जास्त. मग १९.४ चं काय? ते वर्ग पूर्ण टक्क्यांसाठी आहेत, आधी पूर्णांक करायचा आणि मग वर्ग लावायचा. असा ‘इथून इथपर्यंत’चा तक्ता हातात आला की मी पहिल्यांदा बघते, एका गटाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांत किती अंतर आहे. ते अंतरच सांगतं की गट पाडण्याआधी आकडा कितपत गोल करायचा.

गोल करण्यावरून एक भांडण मी स्वतः ओढवून घेतलंय. एका जिनिंगमध्ये गाडीच्या तीन जागांहून नमुना काढून तीन आकड्यांची सरासरी धरायचे. एका गाडीचे आकडे होते ११.९, १२.० आणि १२.२. सरासरी १२.०३३. गेटवरच्या पावतीवर एका दशांशाने छापून आलं १२.०. माझ्या रिपोर्टमध्ये गट पाडला गेला आतल्या पूर्ण आकड्यावर, म्हणून गाडी गेली ‘१२ च्या वर’. शेतकऱ्याच्या हातात १२.० ची पावती आणि मॅनेजरच्या हातात ‘ओला’ लिहिलेला कागद. अमावस्येच्या आधीचा बाजार, गेटवर गाड्यांची रांग, आणि मी मधे उभी राहून दशांश समजावून सांगतेय! सेलचं फॉरमॅट बदलल्याने फक्त दिसणं बदलतं, आकडा तोच राहतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रिपोर्ट करताना आठवणं वेगळं. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: माणसाला जो आकडा दाखवला, गट त्याच आकड्यावर पाडायचा. राउंड आधी, इफ नंतर. तुमच्या पावतीवर एक दशांश असेल तर राउंड(ओलावा, १). भागाकारातून आलेले आकडे कॉम्प्युटरच्या पोटात केसभर इकडेतिकडे असतात. ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्याच्याकडे तंतोतंत ०.३ येत नाही हे जुनं दुखणं आहे. राउंडने तेही मिटतं.

आता तुमचं दुसरं दुखणं, न भरलेला ओलावा ‘कोरडा’त जाणं. एक्सेल तुलना करताना रिकाम्या सेलला शून्य समजतं. शून्य आठपेक्षा कमी, म्हणून गाडी कोरडी. पॉवर बीआयसुद्धा रिकाम्याला शून्यच धरतो. एसक्यूएलमध्ये मात्र उलटं होतं. तिथे रिकामी जागा म्हणजे नल, आणि नलची कुणाशीही तुलना खरी ठरत नाही, म्हणून ती सगळ्या अटी ओलांडून शेवटच्या ‘एल्स’मध्ये जाऊन पडते. वर सुधारलेल्या सूत्रात शेवटी ‘ओला’ आहे. म्हणजे तीच न मोजलेली गाडी एक्सेलमध्ये कोरडी आणि डेटाबेसवरून काढलेल्या रिपोर्टमध्ये ओली! एका ठिकाणी दोन विभागांचे आकडे जुळत नव्हते, त्यामागे निव्वळ हेच कारण निघालं. गेटवरच्या पोराने रात्रपाळीत मीटरच लावला नव्हता.

तिसरं, नऊचा आकडा ‘ओला’त. तो ९ आकडा नाही, तो मजकूर आहे. कोणीतरी ‘९ टक्के’ असं टाइप केलंय, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवताना मागे एक न दिसणारी मोकळी जागा आलीय. एक्सेलमध्ये कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानला जातो. त्यामुळे तुमचा मजकुरी ९ हा ८ पेक्षा मोठा ठरतो, १० पेक्षाही मोठा ठरतो आणि १२ पेक्षाही. घरंगळत थेट ‘ओला’त. ओलाव्याच्या जागी ‘मीटर बंद’ असं लिहिलेली गाडीही तिथेच सापडेल, शोधा. याच्या उलट, कोणी टक्क्याच्या चिन्हासह ९ टाइप केला तर एक्सेल त्याचा ०.०९ करून ठेवतं, दाखवताना मात्र ९ टक्केच दाखवतं. ती गाडी ‘कोरडा’त जाणार. डोळ्यांना दोन्ही नऊच दिसतात.

तेव्हा इफच्या दारात एक रखवालदार उभा करा. आत आकडा आहे का, आणि तो शक्यतेतला आहे का, एवढं विचारायचं. नसेल तर गाडी पाचव्या गटात, ‘तपासा’:

इफ(नॉट(इझनंबर(ओलावा)), "तपासा", इफ(ऑर(ओलावा<३, ओलावा>३०), "तपासा", पुढे आपलं नेहमीचं))

३ आणि ३० हे माझे अंदाजाचे खुंटे आहेत, तुमच्या ग्रेडरला विचारून बदला. त्यामागचा हेतू एवढाच की दशांश विसरून ९.४ चा ९४ झालेला पकडला जावा, आणि टक्क्याच्या चिन्हाने झालेला ०.०९ सुद्धा. ‘तपासा’ हा गट रिपोर्टमध्ये दिसायलाच हवा. मालकांना तो आवडत नाही, तो लपवायला सांगतात. लपवू नका. पाच गटांची बेरीज ४१२ आली की बाकी कोणतीही चौकशी सोपी होते.

इथपर्यंत तुमच्या तिन्ही तक्रारी मिटल्या. तरी मी तुमच्या जागी असते तर इफची ही माळ ठेवली नसती. कारण सांगते. एका हंगामात एका जिनिंगच्या मालकांनी फरदड (मुख्य वेचण्यांनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) सुरू झाल्यावर मधली सीमा १० वरून ९ केली. माझं सूत्र अकरा रिपोर्टमध्ये चिकटवलेलं होतं. दहा ठिकाणी बदललं, अकरावं विसरले. महिनाभर दोन कागदांवर ‘बरा’ कापसाचे दोन वेगळे आकडे फिरत होते आणि दोन्हींवर माझं नाव. जुन्या एक्सेल २००३ मध्ये इफच्या पोटात इफ सातच पातळ्यांपर्यंत जायचा, २००७ पासून ६४ पातळ्या चालतात. चालतात म्हणून लिहायच्या नसतात.

त्याऐवजी वेगळ्या शीटवर छोटा तक्ता करा. तीन कॉलम: वरची सीमा, गटाचं नाव, क्रम. ओळी चार: ८ कोरडा १, १० बरा २, १२ दमट ३, ३० ओला ४. सूत्राने गट या तक्त्यातून उचलायचा. नियम बदलला की तक्त्यात एक आकडा बदलायचा, आणि मालकांना रिपोर्टसोबत तो तक्ताही दाखवता येतो. इफची माळ कोणी वाचत नाही, चार ओळींचा तक्ता सगळे वाचतात.

पण इथे एक मोठा सापळा आहे, आणि शिकवणारे सहसा तो सांगत नाहीत. बहुतेक जण अशा कामाला व्हीलुकअप सुचवतील, शेवटी ट्रू लावून, म्हणजे जवळची किंमत शोधणारा. तो खालची सीमा धरतो. तक्त्यात ०, ८, १०, १२ लिहिलं तर बरोबर १२ ची गाडी १२ पासून सुरू होणाऱ्या गटात, म्हणजे ‘ओला’त जाईल. कृषी गणनेच्या हेक्टरांना हे चालतं, तुमच्या ओलाव्याला नाही. पिव्हट टेबलमधला ‘ग्रुप’ही असाच, १० ला तो १० ते १२ मध्ये टाकतो आणि शिवाय सगळे गट सारख्याच रुंदीचे करतो.

वरच्या सीमेसाठी नव्या एक्सेलमध्ये, म्हणजे २०२१ किंवा ३६५ मध्ये, एक्सलुकअप आहे:

एक्सलुकअप(राउंड(ओलावा, १), वरचीसीमा, नाव, "तपासा", १)

शेवटचा १ म्हणजे ‘तोच आकडा, नाहीतर त्याच्यापुढचा मोठा’. १२.० ला १२ सापडतो, दमट. १२.१ ला पुढचा मोठा ३०, ओला. ३० च्या वर काहीच सापडत नाही, तपासा. दारातला रखवालदार मात्र इथेही हवाच.

जुनं एक्सेल असेल तर दोन वाटा आहेत. एक, तक्ता उतरता लावायचा, ३०, १२, १०, ८, आणि मॅचला (तक्त्यातली जागा शोधणाऱ्या सूत्राला) शेवटी उणे १ देऊन इंडेक्सने त्या जागेवरचं नाव काढायचं. दुसरी वाट मी जास्त वापरते. एका दशांशाला गोल केल्यावर १२.० नंतरचा आकडा १२.१ च असणार, म्हणून व्हीलुकअपच्या तक्त्यात ०, ८.१, १०.१, १२.१ लिहायचं. दिसायला गावठी आहे, पण नवा माणूसही समजून घेतो. राउंड विसरलात तर १२.०५ ची गाडी दमटमध्ये घुसेल, तेवढं भान ठेवा. आणि व्हीलुकअपचा तक्ता चढत्या क्रमातच पाहिजे, विस्कटला तर तो चूक न दाखवता चुकीची उत्तरं देतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण महिन्याभरात हा प्रश्न येईलच: गट कशाचा पाडायचा, गाडीचा की दिवसाचा? समजा दिवसात दोनच गाड्या आल्या. २० क्विंटल १४ ओलाव्याची, ६० क्विंटल ९ ची. साधी सरासरी ११.५, वजनाप्रमाणे काढली तर १०.२५. दोन्ही आकडे ‘दमट’मध्ये. आणि दमट गाडी त्या दिवशी एकही आलेली नाही, एक ओली होती आणि एक बरी. दिवसाच्या सरासरीवर गट पाडणारा रिपोर्ट असं सुखाचं चित्र दाखवतो आणि ओली गाडी कापसाच्या ढिगात गरम होत पडते. म्हणून आधी प्रत्येक गाडीला गट, मग गटांची मोजणी आणि वजन. पॉवर बीआयमध्ये याचा अर्थ गट हा कॅल्क्युलेटेड कॉलम (प्रत्येक ओळीसाठी काढून ठेवलेलं उत्तर) करा, मेजर (अनेक ओळींचं मिळून काढलेलं एक उत्तर) नको. मेजर आलेखाच्या आडव्या अक्षावर किंवा स्लायसरमध्ये (रिपोर्ट गाळायच्या बटणांत) टाकताही येत नाही, तिथे अडकून बरेच जण माझ्याकडे येतात.

पैशाचं मात्र गटावरून करू नका. ९.९ आणि १०.१ च्या गाडीत कापूस म्हणून काही फरक नसतो, पण गटावर कपात लावली तर शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या रकमेत खाडकन फरक पडतो, आणि मग प्रत्येक जण मीटर पुन्हा लावायला सांगतो. कपात प्रत्यक्ष आकड्यावर, गट फक्त मालकांच्या नजरेसाठी. मालकांनी गटावरच भाव धरायचा म्हटलं तर त्यांचा धंदा, पण मी एकदा बोलून दाखवते.

नावांबद्दल पटकन. गटांना ‘८ ते १०’ अशी नावं दिलीत तर रिपोर्ट त्यांना मजकूर म्हणून अक्षराप्रमाणे लावतो: ‘१० ते १२’ आधी, ‘८ ते १०’ नंतर. तक्त्यात क्रमाचा कॉलम त्यासाठीच आहे. पॉवर बीआयमध्ये ‘सॉर्ट बाय कॉलम’मध्ये तो द्या, एक्सेलमध्ये नावाच्या आधी क्रमांक लावला तरी भागतं. आणि एक्सेलच्या सेलमध्ये आडवी रेघ देऊन ८-१० टाइप करू नका, आपल्याकडच्या सेटिंगमध्ये त्याची ८ ऑक्टोबर होते. एका रिपोर्टवर मी कापसाच्या गटांच्या जागी तीन तारखा छापलेल्या पाहिल्यात, आणि सहीसाठी तो मालकांपर्यंत पोचला होता.

आता हे करा. कोऱ्या शीटवर ओलाव्याच्या कॉलममध्ये एकाखाली एक लिहा: रिकामी जागा, ०, ७.९, ८, ८.१, १०, १०.१, ११.९, १२, १२.०३३, १२.१, ९४, आणि ‘९ टक्के’ हा मजकूर. शेजारच्या कॉलममध्ये प्रत्येकाचा गट पेनाने लिहिल्यासारखा स्वतः भरा, सूत्र न बघता. मग तिसऱ्या कॉलममध्ये सूत्र लावा. १२.०३३ पाशी तुम्ही थांबाल आणि मालकांना फोन कराल, तो करा. दोन्ही कॉलम जुळले तरच ४१२ गाड्यांवर सूत्र ओढा. कुठे जुळलं नाही तर ती ओळ इथे लिहा, आणि मीटर किती दशांश दाखवतो, पावतीवर किती छापता आणि एक्सेल कोणत्या सालचं आहे हेही कळवा.